मटण वातड राहतंय? मंद आचेवर गर्दन-नळी शिजवताना या चुका टाळा

ग्वाल्हेरात जानेवारीची थंडी पडली की आमच्याकडे रविवारी गर्दन आणि नळीचं मटण ठरलेलं, सोबत शलजम (सलगम), गाजर, बटाटे. आणि दर हिवाळ्यात नात्यातल्या कुणाचा तरी फोन येतोच, अगं पाऊण तास झाला, रबरासारखं लागतंय, मटणवाल्याने म्हातारा बोकड दिला की काय. बहुतेक वेळा बोकड चांगलाच असतो, मटण अर्ध्या वाटेत उतरवलेलं असतं.

गर्दन, नळी, सीना (छातीचा भाग) हे दिवसभर राबणारे भाग, म्हणून त्यात चिवट पांढरे पडदे जास्त, त्यातलं मुख्य म्हणजे कोलॅजन. मटण ६०-६५ अंशांच्या आसपास तापलं की हे कोलॅजन आक्रसतं आणि मांस पिळून त्यातलं पाणी बाहेर काढतं, म्हणून त्या वेळी तुकडा चाखलात तर तो आधीपेक्षाही कडक लागणार. हेच कोलॅजन पुढे ७० अंशांच्या वर हळूहळू विरघळून मऊ, जेलीसारखं जिलेटिन होतं, पण त्याला तास-दोन तास द्यावे लागतात. म्हणजे पाऊण तासाला चाखून हताश होणं ही पहिली चूक. नळीच्या टोकाकडचं मांस वर सरकून हाड उघडं दिसायला लागलं आणि गर्दनचा तुकडा दोन बोटांत दाबल्यावर उकलला की झालं समजा, साधारण दोन ते अडीच तास, बोकड जून असेल तर अजून थोडा वेळ. व्हिडिओत बघून बीफचे तीन-चार तास धरून बसू नका, ते जनावर मोठं, तुकडे मोठे, आपलं बोकडाचं मटण तेवढ्या वेळात विस्कटून जाईल.

दुसरी चूक घाईची. मऊ होत नाही म्हणून लोक गॅस मोठा करतात, आणि रटरट उकळलं की मांसाचे धागे कोरडे पडतात, मग रस्सा कितीही झणझणीत करा, घास चोथ्यासारखाच लागतो. मधूनच एखादा बुडबुडा यावा एवढीच आच हवी. आजी सिगडीवर राख सारून आच कमी करायची, मी गॅसवर जाड लोखंडी तवा ठेवून त्यावर पातेलं ठेवते, तेच काम होतं.

पाणी आटलं म्हणून नळाचं गार पाणी ओतू नका, जानेवारीत तर अजिबातच नाही, सगळं पातेलं गार पडतं आणि परत तापायला वेळ जातो. आपली जुनी पद्धतच बरी, झाकणाच्या ताटात पाणी ठेवायचं. खालून वाफ लागून थंड ताटाला थेंब जमतात आणि परत मटणात पडतात, आणि वरचं पाणी आपोआप गरम होत राहतं, लागेल तसं तेच घालायचं.

आता भाज्या, सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. सुरुवातीलाच घातल्या तर दोन तासांत गाजराचा लगदा आणि शलजमचा पत्ताच नाही. शेवटच्या ३५-४० मिनिटांत घाला, तुकडे मोठेच ठेवा, शलजमची साल जाड काढा कारण सालीखालचा थर रेषाळ असतो. पण याच्या उलटं माझ्याकडे गेल्या हिवाळ्यात झालं, पाहुणे बसलेले, मटण लोण्यासारखं शिजलेलं आणि बटाटे दाताखाली कचकच! बटाट्यांबरोबरच मी चार टोमॅटो आणि वर वाटीभर आंबट दही घातलं होतं. भाजीला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात लवकर सुटत नाही, त्यामुळे बटाटा तासभर शिजवला तरी टणक राहू शकतो. तेव्हापासून आधी बटाटा-गाजर मऊ होऊ देते, सुरी सहज आत गेली की मगच टोमॅटो किंवा दही, दही घोटून आणि गॅस अगदी बारीक करून, नाहीतर फुटतं.

परतताना एक किलो मटण एकदम टाकू नका, पाणी सुटून ते परतायच्या ऐवजी उकडतं. पाणी टिपून दोन-तीन खेपांत लालसर करा, रश्श्याची निम्मी चव तिथेच येते.

वेळ नसेल तर कुकरही चालतो, आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं म्हणून काम अर्ध्याहून कमी वेळात होतं. फक्त शिट्टी उचलून वाफ काढू नका, दाब एकदम गेला की आतला रस्सा खवळून उकळतो. आपोआप उतरू द्या, आणि भाज्या नंतर उघड्यावर शिजवा.

आणि जमलं तर शनिवारी रात्रीच करून ठेवा. गार झालं की फ्रीजमध्ये, सकाळी वर चरबीचा पांढरा थर दिसेल, चमच्याने हवा तेवढा काढा. खाली रस्सा जेलीसारखा थरथरत असेल तर जिलेटिन नीट उतरलंय. मंद आचेवर चांगलं वाफाळेपर्यंत गरम करा आणि ताटंही कोमट करून घ्या, बोकडाची चरबी थंडीत टाळूला लगेच चिकटते, सोबत बाजरीची भाकरी आणि चिरलेला मुळा.