एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेताना

आपल्या गैरहजेरीत दिवाणी न्यायालयाने एकतर्फी हुकूमनामा (दुसऱ्या बाजूचे न ऐकता दाव्याचा निकाल) दिल्याचे कळले, तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ९, नियम १३ अन्वये तो रद्द करण्यासाठी त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. समन्सची बजावणी रीतसर झाली नव्हती किंवा पुरेशा कारणामुळे सुनावणीस हजर राहता आले नाही, यांपैकी एक गोष्ट प्रतिवादीने, म्हणजे ज्याच्यावर दावा झाला त्याने, न्यायालयाला पटवून द्यायची असते. मात्र बजावणीत केवळ तांत्रिक त्रुटी असून सुनावणीची तारीख त्याला वेळेत माहीत होती, असे दिसल्यास त्या त्रुटीचा उपयोग होत नाही.

अर्जाची मुदत ३० दिवसांची असते आणि ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून. उशीर झाला असल्यास विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज जोडावा.

माझ्या मते सर्वांत आधी करायचे काम म्हणजे प्रकरणाची कागदपत्रे पाहून समन्सवरील बेलिफाचा (समन्स पोहोचवणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याचा) अहवाल तपासणे, कारण पत्ता चुकीचा होता की समन्स भलत्याच व्यक्तीने घेतले, हे तिथेच उघड होते आणि ‘मला काही मिळाले नाही’ या मोघम विधानापेक्षा असा तपशील शपथपत्रात अधिक वजनदार ठरतो. आजारपणाचे कारण असेल, तर त्याच तारखांची वैद्यकीय कागदपत्रे हवीत.

नुसत्या अर्जाने दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कारवाई, थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. अर्ज मंजूर करताना न्यायालय खर्च भरण्याची किंवा रक्कम जमा करण्याची अट घालू शकते.