हर्पिस झालाय आणि ट्यूब चोळताय? या चुका टाळा

बेळगावात मेडिकल चालवतोय. काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत उगाच थांबायचं आणि मग हळूच "जांघेत जरा खाज हाय, ती ट्यूब द्या की ओ", हे रोजचंच. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टेरॉइड असं तीन-इन-वन असतंय. लावलं की दोन दिवस आग कमी वाटते, माणूस खुश, पण हर्पिस म्हणजे संबंधातनं लागणारा, गुप्तांगावर आणि आसपास फोड आणणारा व्हायरस, त्याला यातलं एकही औषध लागू नाही आणि स्टेरॉइडनं त्या जागेची ताकद दबली की त्याला मोकळं रान.

खानापूरकडचा एक ड्रायव्हर, पँट घासून झालंय म्हणत भावाची उरलेली ट्यूब आठवडाभर चोळत होता. आधी पाण्यानं भरलेल्या बारीक पुळ्यांचा घोस, मग त्या फुटून जखमा, जांघेत गाठी, ताप, लघवीला गेला की डोळ्यांत पाणी. मी ट्यूब देत नाही म्हटलं तर चिडून शेजारच्या दुकानातनं घेतली, घाईची माणसं अशीच. शेवटी बायकोनं ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सुरक्षा क्लिनिकात, म्हणजे गुप्तरोगाच्या सरकारी ओपीडीत, हर्पिसच्या औषधाचं लाल किट मिळालं, त्यात असायक्लोव्हिर 400 मिलीग्रॅम, दिवसातनं तीनदा, 7 दिवस. पहिल्या झटक्यात हेच औषध तीन दिवसांच्या आत सुरू झालं तर त्रास बराच वाचतो, नाहीतर जखमा भरायला 2 ते 4 आठवडे.

खरा तमाशा पुढं झाला. ड्रायव्हर बायकोला म्हणाला, "मला आत्ता आलंय म्हणजे तूच कुठनंतरी आणलंस." सासरची चार माणसं बसली, बाई माहेरी जायला निघाली. अरे बाबा, संबंधानंतर साधारण 2 ते 12 दिवसांत फोड येतात हे खरं, पण पुष्कळांना पहिल्यांदा काही कळतच नाही, व्हायरस कमरेखालच्या नसांच्या मुळाशी गप पडून राहतो आणि पहिला दिसणारा फोड काही वर्षांनीही येऊ शकतो. तापानंतर ओठावर पुळ्या उठतात ना, तो व्हायरस सुद्धा तोंडानं केलेल्या संबंधातनं खाली लागतो. तारखा मोजून चोर सापडत नाही, ते गणित सोडा.

फोड नाहीत म्हणजे लागण होत नाही, हेही चूक. वरनं कातडी चांगली दिसत असताना सुद्धा व्हायरस बाहेर पडतो. कंडोमनं धोका कमी होतो, पण न झाकलेल्या कातडीतनं लागू शकतंच. मुंग्या आल्यासारखं झालं, पायात कळ गेली की तिथनं खपल्या पडून कातडी भरेपर्यंत संबंध बंद. परत परत येत असेल तर डॉक्टरला विचारून गोळ्या घरात ठेवा आणि मुंग्या आल्या की त्याच दिवशी सुरू करा. वर्षात पाच-सहा वेळा येत असेल तर रोजच्या गोळीचं विचारा, त्यानं जोडीदाराला लागायचा धोकाही साधारण निम्म्यावर येतो.

काव लावून नागीण उतरवणाऱ्याकडं जाऊ नका. नागीण वेगळी, ती कांजिण्यांच्या व्हायरसची.

रक्ताच्या आयजीएम रिपोर्टवर पैसे घालवू नका. ओली जखम असतानाच स्वॅब द्या, त्यावर व्हायरस शोधायची पीसीआर टेस्ट होते, खपली धरल्यावर गेलात तर सापडायची शक्यता कमी.

स्टँडवरच्या संडासातनं हर्पिस येत नाही. ते कारण घरी सांगायला सोयीचं, एवढंच.

बाई गरोदर असेल तर मात्र लाज गुंडाळून ठेवा. शेवटच्या महिन्यांत नव्यानं लागण झाली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतंय, आणि कळा सुरू होताना फोड असले तर सिझर करतात.

ओळखीचं कोण बघंल म्हणून निपाणीचा माणूस कोल्हापूर गाठतो आणि कोल्हापूरचा इकडं येतो. सरकारी सुरक्षा क्लिनिकात औषध फुकट, 1097 हा एड्स हेल्पलाइनचा फोनही फुकट. गेलाच आहात तर एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्ट त्याच फेरीत करून घ्या, उघड्या जखमेतनं एचआयव्ही शिरायला सोपं जातंय. आणि बायकोलाही सोबत न्या.