धर्म बदलताय? आधी एवढे कागद नीट करा

नंदुरबारच्या कोर्टासमोर टेबल टाकून मी अर्ज, प्रतिज्ञापत्रं लिहून देतो. धर्म बदलणारा माणूस आला की "स्टॅम्पावर लिहून द्या" म्हणतो. मी आधी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवतो.

का बदलतोय, ते स्वतःच्या हातानं, आपल्या बोलीत लिहा. साक्रीकडच्या एका पोरानं एवढंच लिहिलं: "मन्हा मनले पटनं." राज्यघटनेचं कलम 25 सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, ते हेच. पण पैसे, नोकरी, लग्न किंवा धमकी पुढे करून कोणी सही मागत असेल, तर पेन खाली ठेवा. धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलंय. कोऱ्या स्टॅम्पवर तर कोणालाच सही देऊ नका, धर्मगुरूलाही नाही.

मग जातीचा दाखला काढून बघा. लोक इथंच फसतात. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. शिखांना 1956 पासून, बौद्धांना 1990 पासून. ख्रिस्ती किंवा मुस्लिम झालात तर तो जातो. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. म्हणून धडगावचा पावरा आदिवासी ख्रिस्ती झाला तरी आज त्याचा दाखला टिकतो. शेजारच्या माणसाचं ऐकून दोन्ही एकच समजू नका. एकाला धर्माची किंमत आरक्षणानं मोजावी लागते, दुसऱ्याला नाही. मला हे न्यायाचं वाटत नाही, पण कागद कायद्याप्रमाणेच करावा लागतो.

शेतीचंही बघा. धर्म बदलल्यानं तुमचा स्वतःचा वारसा जात नाही. मात्र धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं, वारसा उघडेल तेव्हा, म्हणजे तो नातेवाईक वारेल तेव्हा, हिंदू नसतील, तर त्यांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही. नुसतं लग्नच करायचं असेल तर धर्म बदलूच नका. विशेष विवाह कायदा 1954 चा आहे, 30 दिवसांची नोटीस द्या.

विधी कुठं होणार, तेही ठरवा. नवापूर स्टेशनात एका बाकाचा अर्धा भाग गुजरातेत आहे, आणि कायदा राज्याप्रमाणे बदलतो. गुजरातच्या 2003 च्या कायद्यात विधी करणाऱ्यानं जिल्हादंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची आहे. मध्य प्रदेशच्या 2021 च्या कायद्यात 60 दिवस आधी कळवायची तरतूद आहे. विधी ज्या राज्यात, तिथला त्या दिवशीचा कायदा वकिलाकडून वाचून घ्या. नंतर राजपत्रात बदल छापून घ्या आणि त्याच्या प्रती जपून ठेवा.

त्या पोराची आई सोबत होती. तिला कागदाचं काहीच पडलेलं नव्हतं. "मी मरसू तवय माले माटी कोन देई?" एवढंच ती विचारत होती. भाऊबंदांनी घरी येऊन तसा दम दिला होता. आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. अंत्यविधी अडवणं हाही त्यात गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते, थेट मॅजिस्ट्रेटकडेही. अर्जात तारीख, जागा, कोण काय बोललं ते त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि ऐकणाऱ्यांची नावं घाला.

तसा अर्ज मी त्याला लिहून दिला. आई माळकरी, ती काही धर्म बदलणार नव्हती. साक्षीदार म्हणून पहिला अंगठा तिनंच दिला.