‘सागा’ वाचायला सुरुवात कशी करावी

ब्रायन के. वॉन यांचे लेखन आणि फिओना स्टेपल्स यांची चित्रे असलेली ‘सागा’ ही अंतराळातल्या युद्धाची कॉमिक मालिका मार्च २०१२ मध्ये सुरू झाली. पुण्यात ती हवी असेल, तर अप्पा बळवंत चौकातल्या पाठ्यपुस्तकांच्या दुकानांत हेलपाटे न घालता इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात मागणी नोंदवावी, आणि सुटे अंक न मागता सहा-सहा अंकांचे खंड क्रमाने मागवावेत. पहिल्या ५४ अंकांचे नऊ खंड होतात. नववा ऐन मोक्याच्या वळणावर संपतो, तेव्हा दहावा हाताशी असलेला बरा.

कथेत एकमेकांशी लढणाऱ्या दोन बाजूंपैकी पंखवाल्यांचा लँडफॉल ग्रह तंत्रज्ञानावर, तर शिंगवाल्यांचा रीथ हा त्याचा उपग्रह मंत्रविद्येवर विसंबतो, एवढे सूत्र लक्षात ठेवले की टीव्हीच्या डोक्याचा राजपुत्रही फारसा खटकत नाही. संवादाच्या फुग्यांबाहेर, थेट चित्रावर हाताने लिहिलेला मजकूर हे हेझलचे, म्हणजे या दोन बाजूंच्या जोडप्याच्या मुलीचे, निवेदन असते. पहिल्याच पानावर ती स्वतःच्या जन्माची हकीकत सांगते, त्यामुळे तो मजकूर आधी वाचून मग संवादांकडे वळावे. निळ्या अक्षरांतली रीथची भाषा म्हणजे एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली कृत्रिम भाषा. तिचा अनुवाद मुद्दामच दिलेला नाही, म्हणून शब्दकोश न उघडता पात्रांचे चेहरे पाहावेत. नग्नता आणि हिंसा भरपूर असल्याने हे खंड मुलांच्या कपाटात ठेवू नयेत.