मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही जमणारी चीजभरली खाचापुरी

खाचापुरी म्हणजे जॉर्जिया देशातला चीज भरलेला पाव. तिकडे दर भागाची तऱ्हा वेगळी: इमेरेतीतली गोल आणि बंद, समेग्रेलोतली वरूनही चीज पसरलेली, काळ्या समुद्राकाठच्या अजारातली होडीच्या आकाराची, मधोमध अंडं सोडलेली. घरी पहिल्यांदा करताना बंद गोल प्रकार धरावा. पुरणपोळीचा उंडा भरणाऱ्या हातांना तो लगेच जमतो.

पाव बिघडतो तो मात्र भरण्यात नाही. एक तर कणीक गरम होते, नाहीतर सारणात पाणी राहतं. बहुतेक कृती २२-२४ अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेल्या असतात. नांदेड-परभणीकडे एप्रिलच्या दुपारी तेच स्वयंपाकघर ३८ अंशांवर असतं. तिथे ‘कोमट पाण्यात भिजवून दीड तास झाकून ठेवा’ ही ओळ तंतोतंत पाळली, तर तासाभरातच कणीक आंबूस होते.

साहित्य, ४ पावांचं

कणकेसाठी मैदा ४०० ग्रॅम, पाणी १७० मिली, दूध ८० मिली, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम (उन्हाळ्यात २ ग्रॅमच), मीठ ७ ग्रॅम, साखर ८ ग्रॅम, तेल किंवा पातळ तूप २० ग्रॅम. सारणाला मोझरेला २५० ग्रॅम, पनीर २०० ग्रॅम, एक अंडं, एक मोठा चमचा मैदा, अर्धा चमचा भरड मिरपूड. अंडं चालत नसेल तर दोन मोठे चमचे चक्का घ्या, दही नको. साधा वजनकाटा असावाच. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की मोकळा, यात सहज २०-२५ ग्रॅमचा फरक पडतो.

मैद्यातला १०० ग्रॅमपर्यंतचा भाग चक्कीच्या गव्हाच्या पिठाने बदलता येतो, पण मग पाणी १०-१५ मिली वाढवावं लागतं. खपली गव्हाचं पीठ यासाठी घेऊ नये. त्याची कणीक ताण धरत नाही आणि चीज वितळताना फाटते. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं प्रथिन, नसतंच, म्हणून चवीपुरतं ४० ग्रॅम घालावं, त्यापुढे नाही. पाणी पिण्याचं, गाळलेलं वापरा. बोअरचं खूप जड पाणी कणीक ताठर करतं.

कणीक थंड ठेवायची

मळून झाल्यावर कणीक २६ अंशांच्या आसपास हवी. त्यासाठी पाणी किती थंड घ्यायचं याचा बेकरीतला हिशोब सोपा आहे: २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून खोलीचं तापमान, पिठाचं तापमान आणि हाताने मळताना घर्षणाने वाढणारे सुमारे ३ अंश वजा करा. उरेल ते पाण्याचं तापमान. खोली ३८ आणि पीठ ३६ असेल तर उत्तर येतं १, म्हणजे चक्क बर्फाचं पाणी. बर्फ घालणार असाल तर तो पाण्याच्याच वजनात धरायचा आणि पाणी गाळून घालायचं, खडा कणकेत जाऊ द्यायचा नाही. दूधही फ्रीजमधलंच.

त्याहून सोयीचा मार्ग म्हणजे मैद्याचा डबाच दोन तास फ्रीजमध्ये ठेवणं. पीठ १० अंशांवर आलं की हिशोबाने पाणी २७ अंशांचं लागतं. कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी साधारण तेवढंच गार असतं, म्हणजे बर्फाची कटकट नाही. जानेवारीतल्या सकाळी हिशोब उलटा: खोली १८, पीठ १८, तर पाणी ३९ अंशांचं. तेव्हा कोमट पाणी बरोबर. थर्मामीटर नसेल तर मळलेल्या कणकेला मनगटाची आतली बाजू लावा. किंचित गार लागली तर ठीक, काहीच जाणवलं नाही तर ती गरम झाली आहे.

यीस्ट थेट बर्फाच्या पाण्यात टाकू नये, त्याचा जोर कमी होतो. आधी कोरड्या मैद्यात मिसळायचं. दुकानात उन्हाळाभर पडलेल्या पाकिटाची शंका असेल तर चमचाभर यीस्ट, चिमूटभर साखर आणि पाव वाटी कोमट पाणी एकत्र करून १० मिनिटं थांबा. फेस आला नाही तर पाकीट टाकून द्या. जास्त घातल्याने मेलेलं यीस्ट जिवंत होत नाही. उघडलेलं पाकीट हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायचं.

मैदा, यीस्ट, साखर एकत्र करून दूध-पाणी घाला, गोळा झाला की २० मिनिटं झाकून सोडून द्या. पीठ पाणी पितं आणि पुढचं मळणं निम्म्यावर येतं. मग मीठ आणि तेल घालून ८ ते १० मिनिटं मळायचं. सुरुवातीला कणीक ओट्याला चिकटते. नेमकं तेव्हाच हात कोरड्या मैद्याकडे जातो, तो आवरावा. वरून ३०-४० ग्रॅम मैदा गेला की पाव दुसऱ्या दिवशी चामट लागतो. हाताला तेलाचं बोट लावा. सुपारीएवढा तुकडा बोटांनी ताणून पाहा: न फाटता इतका पातळ झाला पाहिजे की त्यातून उजेड दिसावा. कडा खरबरीत फाटली तर आणखी दोन-तीन मिनिटं मळा.

फुगायला ठेवताना घड्याळाऐवजी कणकेकडे बघायचं. उभ्या डब्यात ठेवून बाहेरून कणकेच्या पातळीला रबरबँड लावा. दुप्पट उंची दिसली की झालं. २७ अंशांना तासभर ते सव्वा तास लागतो, ३८ अंशांना पाऊण तासही लागत नाही. झाकण घट्ट हवं, किंवा ओलं फडकं पिळून. आपल्याकडची उन्हाळी हवा इतकी कोरडी की उघड्या कणकेवर अर्ध्या तासात साय धरावी तशी खपली येते आणि ती पुढे मिसळत नाही, भाजताना तिथेच भेग पडते.

उन्हाळ्यात खरं तर रात्रीच मळून, अर्धा तास बाहेर ठेवून, कणीक फ्रीजमध्ये टाकावी. ८ ते १२ तासांत ती सावकाश फुगते, चवही चांगली येते. थंड कणीक लाटायला ताठ असते, म्हणून भरायच्या आधी २० मिनिटं बाहेर काढायची. जास्त आंबलेली कणीक वासावरून कळते: आंबूस, दारूसारखा. अशा कणकेत यीस्टने साखर खाऊन टाकलेली असते, त्यामुळे पाव कितीही भाजला तरी पांढराच राहतो. तिचा पाव करायचा हट्ट धरू नये; तव्यावर कुलचे काढावेत.

सारण कोरडं ठेवायचं

नुसतं मोझरेला घेतलं तर तार सुटते पण वितळून सगळं एका कोपऱ्यात जमा होतं. नुसतं पनीर वितळतच नाही: गरम दूध आंबटाने फाडताना त्यातली प्रथिनं अशी बांधली जातात की उष्णतेने ती पुन्हा सैल होत नाहीत. दोन्ही मिळून काम होतं. तारेसाठी मोझरेला, अंगासाठी पनीर. जॉर्जियातली सुलगुनी आणि इमेरेतीची ताजी चीजं इकडे मिळणं अवघड; त्यांच्या चवीच्या जवळ जायचं तर पनीर बनवताना मीठ जरा चढं ठेवावं. क्यूबमधलं प्रोसेस्ड चीज वापरणार असाल तर ५० ग्रॅमपेक्षा जास्त नको. त्यात चीज फुटू नये म्हणून क्षार घातलेले असतात. ते गुळगुळीत वितळतं, पण तार सोडत नाही, आणि खारटही असतं. म्हणून सारणात मीठ घालायच्या आधी चाखून बघा, बहुधा लागत नाही.

म्हशीच्या एक लिटर दुधाचं पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम पनीर निघतं. लिंबाने फाडून, फडक्यात बांधून, वर वरवंटा किंवा तीनेक किलोचं वजन ४० मिनिटं ठेवा. तुकडा बोटात दाबला तर पाणी दिसता कामा नये. उरलेलं पाणी फेकू नका, पूर्ण गार करून कणकेत दूध-पाण्याच्या जागी चालतं. रंग चांगला येतो. पनीर हाताने चुरायचं, मळून लगदा करायचा नाही.

मोझरेला फ्रीझरमधून काढलं असेल तर ते पाणी सोडतं. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या आणि फडक्याने टिपून घ्या. अख्खा ठोकळा घेऊन जाडसर किसणीवर किसलेलं बरं. आयतं किसलेलं चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो आणि ते कोरडं वितळतं. शाकाहारींनी पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा.

मेथी घालायची तर चिरून, मीठ लावून, १५ मिनिटांनी घट्ट पिळून. चमचाभर ठेचाही चांगला लागतो. कच्चा कांदा आणि टोमॅटो नकोतच. सारणाचे ४ गोळे करून, साधारण १२० ग्रॅमचा एक, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. थंड घट्ट गोळा भरताना पसरत नाही.

भरणं आणि भाजणं

कणकेचे ४ गोळे, प्रत्येकी १७० ग्रॅमच्या आसपास. १० मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर लाटताना आक्रसतात. १५ सेंटिमीटरचं लाटायचं, मध्ये जाड, कडेला पातळ, कारण कडा गोळा झाल्या की तिथे थरावर थर येतात. सारण ठेवून चुण्या घालत तोंड बंद करा. कडेला तेल किंवा सारण लागलं असेल तर ते चिकटत नाही; बोटं पुसून घ्या. तोंडाची बाजू खाली करून तळव्याने थापत २० सेंटिमीटरपर्यंत न्या, शेवटी हवं तर हलकं लाटणं फिरवा. मधोमध बोटाने एक भोक पाडायचं. हे विसरलं की आतली वाफ पावाला फुग्यासारखं उचलते, सारण तळाशी बसतं, आणि शेवटी एखादी कड फुटून चीज ट्रेवर येतं.

ओटीजी (विजेचा घरगुती ओव्हन) दोन्ही रॉड लावून २३० अंशांना निदान २० मिनिटं तापवा, ट्रे आतच ठेवून. पाव बटर पेपरवर ठेवून तापल्या ट्रेवर सरकवायचा, जाळी खालून दुसऱ्या खाचेत. थंड ट्रेवर ठेवला तर तळ गिळगिळीत राहतो. १२ ते १५ मिनिटांत वर तांबूस डाग येतात. त्यापुढे भाजत राहिलं तर चीजमधलं तूप सुटतं आणि उरतं ते रबर, म्हणून कमी उष्णतेवर २५-३० मिनिटं भाजण्याचा मार्ग इथे चुकीचा आहे. बाहेर काढताच वर लोणी फिरवा.

संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर त्या वेळी भाजायला घेऊ नका. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर २००० वॅटचा ओटीजी जेमतेम १२०० वॅटचं काम करतो. बटण २३० वर असलं तरी आत तेवढं तापमान चढत नाही. ओटीजीचं बटण चांगल्या विजेवरही वीसेक अंशांनी चुकू शकतं. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतलेला बरा. भाजता भाजता लाईट गेली तर दार उघडायचं नाही. सात-आठ मिनिटं झाली असतील तर पाव तव्यावर पुरा करता येतो.

ओटीजी नसला तरी अडत नाही. बिडाचा किंवा जाड तवा मध्यम-मंद आचेवर तापवा, पाव ठेवून झाकण घाला, ५-६ मिनिटांनी उलटा, दुसरी बाजू झाकण न घालता ५ मिनिटं. तव्यासाठी पाव १८ सेंटिमीटरचाच ठेवावा आणि आच मोठी करू नये, तळ करपतो आणि आतली कणीक कच्ची राहते.

अजारातल्या होडीच्या आकारासाठी कणीक २५ बाय १८ सेंटिमीटर लांबट लाटा, लांब कडा आत गुंडाळून टोकं घट्ट चिमटा, मध्ये सारण पसरा. २३० ला १२ मिनिटं, मग चमच्याने खड्डा करून अंडं सोडा, आणखी २-३ मिनिटं. पांढरं जेमतेम धरलं की बाहेर, वर १० ग्रॅम लोणी. ही गरमच खायची, टोक तोडून बलकात बुडवत. निवली की मजा गेली.

बंद पाव दोन दिवस फ्रीजमध्ये राहतो. तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये कणीक चिवट होते. फ्रीझरसाठी ८ मिनिटंच भाजून, जाळीवर पूर्ण निववून, एकेक वेगळा गुंडाळायचा. महिनाभरात वापरावा, आणि खायच्या वेळी न वितळवता थेट २०० अंशांना १२ मिनिटं.