समायोजनाचा अभ्यास करताय? या चुका टाळा

नवी भाषा, नवं घर, नवी नोकरी, नवा देश. यांपैकी कशाशी माणूस कसा जुळवून घेतो, हा विषय प्रबंधासाठी अनेक जण निवडतात. विषय उत्तम आहे. काम मात्र बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघतं. स्थलांतरितांचा किंवा नव्या कर्मचाऱ्यांचा नमुना घ्यायचा, तयार प्रश्नावली वाटायची, गुणांची बेरीज करायची आणि शेवटी दोन गटांच्या सरासरीत फरक आहे की नाही ते सांगायचं. माणसाला काय सोसावं लागलं, त्यानं स्वतःत काय बदललं, समोरच्यांनी काय बदललं, यातलं काहीच त्या आकड्यांतून कळत नाही. मानसशास्त्र, भाषाविज्ञान, कुटुंबाचा अभ्यास आणि कामाच्या ठिकाणचा अभ्यास, या चारही शाखांत यावर दशकानुदशकं काम झालं आहे. कुठं पाय घसरतो, हे तिथल्या जुन्याजाणत्या अभ्यासकांनी दाखवूनही दिलं आहे. तरी त्याच चुका पुन्हा होतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एकूण गुण काढून मोकळं होणं

‘समायोजन गुणांक 72’ असं कुठं लिहिलेलं दिसलं की पहिला प्रश्न विचारा: कशाशी समायोजन? सर्ल आणि वॉर्ड यांनी 1990 मध्ये परदेशात राहणाऱ्यांसंदर्भात एक साधा पण फार मोलाचा फरक मांडला. मनाला बरं वाटणं ही एक गोष्ट, आणि तिथले रोजचे व्यवहार जमणं ही दुसरी. दोन्हींमध्ये संबंध असतो, पण त्या एक नाहीत. एखाद्याला बँकेचं काम, प्रवास, भाषा, शेजाऱ्यांशी बोलणं सगळं झकास जमतं आणि तोच माणूस आतून पार खचलेला असू शकतो. उलटही घडतं. या दोन्ही गोष्टींच्या गुणांची बेरीज केली, तर असा माणूस कागदावर ‘मध्यम समायोजित’ ठरतो. म्हणजे त्याची अडचणही दिसत नाही आणि त्याचं कौशल्यही.

कामाच्या क्षेत्रात डॉइस आणि लॉफक्विस्ट यांनी हाच भेद वेगळ्या अंगानं केला. मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी घडवलेल्या सिद्धांतात दोन बाजू आहेत: माणूस नोकरीवर समाधानी आहे का, आणि नोकरी देणारा त्या माणसाच्या कामावर समाधानी आहे का. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. ती वेगळी आली, तर अभ्यासाची खरी सुरुवात तिथूनच होते.

म्हणून प्रश्नावली शोधण्याआधी एका वाक्यात लिहून काढा: कोण, कशाशी, कोणत्या अर्थानं आणि किती काळात जुळवून घेतंय. हे वाक्य जमत नसेल तर आराखडा तयार झालेला नाही, असं समजा.

एकदाच मोजायचं आणि काळाबद्दल बोलायचं

माझ्या मते या विषयातली ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञानं 1955 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेल्या 200 नॉर्वेजियन लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांपेक्षा कमी आणि अठरा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिलेल्यांचं समायोजन चांगलं दिसलं; मधल्या काळाएवढं राहिलेल्यांचं कमी. त्यातून आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणं अशी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी रेषा पुढं आली. 1963 मध्ये गुलाहॉर्न दाम्पत्यानं मायदेशी परतल्यावरची घसरण त्यात जोडली आणि ‘यू’चा ‘डब्ल्यू’ झाला. आज ही रेषा परदेशी जाणाऱ्यांच्या प्रशिक्षणात सर्रास दाखवली जाते.

पण लिसगार्डनं एकाच माणसाला तिसऱ्या, दहाव्या आणि विसाव्या महिन्यात भेटून ती रेषा काढली नव्हती. कमी राहिलेले, मध्यम राहिलेले आणि जास्त राहिलेले ही तीन वेगवेगळी मंडळी होती. थोड्या काळासाठी जाणारा आणि दोन वर्षांसाठी जाणारा यांचं वय, हेतू, सोबतचं कुटुंब, सगळंच वेगळं असू शकतं. त्या फरकाला काळाचा परिणाम समजणं धोक्याचं आहे.

एकाच गटाला पुन्हा पुन्हा भेटल्यावर चित्र कसं बदलतं, ते वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवलं. न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना त्यांनी आल्याआल्या, मग चार, सहा आणि बारा महिन्यांनी तपासलं. सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीला दिसला. ज्या काळाला ‘मधुचंद्राचा काळ’ म्हणायची पद्धत आहे, नेमका तोच. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे: मदत सहाव्या महिन्याची वाट पाहत थांबली, तर ती उशिरा पोहोचते.

यावरचा उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. तीच माणसं किमान तीन वेळा भेटली पाहिजेत, कारण दोन बिंदूंतून फक्त सरळ रेषा निघते; वळण दिसायला तिसरा बिंदू लागतो. जमलं तर पहिलं मोजमाप बदलाच्या आधी घ्या: नोकरीवर रुजू होण्याआधी, घर सोडण्याआधी. मुदतीमुळे एकदाच मोजणं भाग असेल तर तेही चालेल. मग निष्कर्षांत ‘हळूहळू’, ‘कालांतराने’, ‘वाढत जाते’ हे शब्द येता कामा नयेत. मौखिक परीक्षेत पहिला घाव तिथंच बसतो.

‘माणूस कशालाही सरावतो’ हे गृहीत धरणं

ब्रिकमन, कोट्स आणि जॅनॉफ-बुलमन यांचा 1978 चा अभ्यास सगळे उद्धृत करतात, मुळातून वाचतात फार थोडे. लॉटरी जिंकलेले आणि अपघातात अपंगत्व आलेले, दोघेही काही काळानं सारखेच आनंदी होतात, असं त्याच्या नावावर सांगितलं जातं. मूळ निबंधात 22 लॉटरीविजेते, 29 अपघातग्रस्त आणि तुलनेसाठी 22 जण आहेत. सध्याच्या आनंदाचे गुण पाचपैकी होते: विजेत्यांचे 4.00, तुलनेच्या गटाचे 3.82, अपघातग्रस्तांचे 2.96. विजेते इतरांपेक्षा फारसे आनंदी नव्हते, हे खरं. पण अपघातग्रस्त मात्र स्पष्टपणे कमी आनंदी होते. लोकांना वाटतं तितके ते दुःखी नव्हते, एवढंच लेखकांनी नोंदवलं आहे. शिवाय गट लहान आणि मोजमाप एकदाच.

पुढं रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी 1984 पासून चालू असलेल्या जर्मन कुटुंबांच्या सर्वेक्षणातली माहिती वापरली. तिथं लोक वर्षानुवर्षं तेच असतात. लग्नानंतर वाढलेलं समाधान सरासरीनं पुन्हा जुन्या पातळीजवळ आलं, पण बेरोजगारीनंतर घटलेलं समाधान नोकरी मिळाल्यावरही पूर्ण भरून आलं नाही. आणि सरासरीच्या आड माणसामाणसात खूप फरक होता.

मुद्दा नैतिकही आहे. ‘सवय होईलच’ या गृहीतकावर अपंगांच्या किंवा नोकरी गेलेल्यांच्या मदतीचे निर्णय झाले, तर संशोधनाच्या नावानं अन्याय होतो. सरासरीबरोबर विखुरणं दाखवा. किती जण सावरले, किती तिथंच अडकले आणि किती आणखी खाली गेले, हे वेगवेगळं मांडा.

याच धर्तीची एक छोटी चूक: होम्स आणि राहे यांची 1967 ची यादी समायोजनाची मापनी म्हणून वापरणं. त्यात 43 घटना आहेत. जोडीदाराच्या मृत्यूला 100, लग्नाला 50. ती माणसावर किती बदल कोसळले ते सांगते. त्यानं ते कसे पेलले, ते सांगत नाही.

बदलणारा एकटाच, असं मानणं

भाषेच्या अभ्यासात हे सर्वांत स्वच्छ दिसतं. हॉवर्ड जाइल्स यांनी 1970 च्या दशकात मांडणी सुरू केली की बोलताना आपण समोरच्याच्या उच्चारांकडे, वेगाकडे, शब्दांकडे सरकतो किंवा मुद्दाम लांब जातो. बुऱ्ही आणि जाइल्स यांच्या 1977 च्या वेल्समधल्या प्रयोगात, वेल्श शिकणाऱ्यांना ब्रिटिश प्रतिष्ठित उच्चारांच्या माणसानं त्यांच्या भाषेच्या उपयोगाबद्दल टोचून विचारलं, तेव्हा ज्यांना वेल्श असणं मनापासून महत्त्वाचं होतं त्यांचे वेल्श धाटणीचे उच्चार आणखी ठळक झाले. त्यांना ‘नीट’ बोलता येत होतं. त्यांना तसं बोलायचं नव्हतं. फक्त उच्चार मोजणाऱ्याच्या तक्त्यात हे अपयश म्हणून नोंदलं गेलं असतं. म्हणून भाषेची चाचणी घेताना समोर कोण होतं, त्यानं काय विचारलं आणि कोणत्या सुरात, ही नोंद हवीच.

स्थलांतरित नव्या संस्कृतीशी कसे जुळवून घेतात, याचे जॉन बेरी यांनी मांडलेले चार मार्ग तर प्रत्येक प्रबंधात असतात: स्वतःचं जपत नव्यात मिसळणं, स्वतःचं सोडून मिसळणं, वेगळं राहणं, आणि दोन्हीकडून तुटणं. ते जणू चार खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत आणि स्थलांतरितानं हवी ती निवडायची, अशा थाटात लिहिले जातात. बेरींनी स्वतः पुन्हा पुन्हा सांगितलं आहे की नव्या समाजाची दारं उघडी नसतील तर पहिला मार्ग निवडताच येत नाही. ज्याला कोणी घर भाड्यानं देत नाही त्याला ‘वेगळं राहणारा’ या खान्यात टाकणं अन्यायाचं आहे. प्रश्नावलीत यजमान समाजाच्या वागणुकीवर निदान काही प्रश्न ठेवा; त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या बाजूच्या लोकांचाही एक नमुना घ्या.

कुटुंबात हा विषय आणखी गुंततो. रूबेन हिल यांनी 1949 मध्ये युद्धामुळे ताटातूट झालेल्या आणि पुन्हा एकत्र आलेल्या कुटुंबांवर लिहिताना दाखवलं, की घटना तीच असली तरी संकट तेवढंच नसतं. कुटुंबाजवळची साधनं आणि त्या घटनेकडे पाहण्याची त्यांची दृष्टी, या दोन्हींवर ते ठरतं. विरह पेलणं आणि परतलेल्या माणसाला पुन्हा जागा देणं, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. कर्ता माणूस नसताना कामं नव्यानं वाटून घेतलेली असतात. तो आल्यावर कोणीतरी पुन्हा मागं सरकायचं असतं. कोणी, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मुलांचंही असंच. नव्या देशात मूल भाषा आधी शिकतं आणि दवाखान्यात, कार्यालयात आईवडिलांसाठी दुभाषा होतं. मुलाच्या भाषेचा गुण चढतो, आणि त्याच वेळी घरातला मोठेपणाचा क्रम उलटापालटा होतो. एकट्या मुलाची प्रश्नावली भरून घेतली तर अभ्यासात फक्त चांगली बातमी येईल. नोकरीनिमित्त परदेशी पाठवलेल्यांबद्दल ब्लॅक आणि स्टीफन्स यांनी 1989 मध्ये जोडीदाराचं समायोजन आणि कर्मचाऱ्याचं समायोजन यांचा संबंध दाखवला. तरीही अनेक अभ्यासांत जोडीदाराला विचारलंच जात नाही. एका घरातून किमान दोघांची उत्तरं घ्या, वेगवेगळी बसवून. ती जुळली नाहीत तर सरासरी काढू नका. तो फरक हाच निष्कर्ष आहे.

मापनी भाषांतरित केली की झालं, असं वाटणं

ब्रिस्लिन यांनी 1970 मध्ये उलट भाषांतराची पद्धत मांडली: एकानं भाषांतर करायचं, दुसऱ्यानं मूळ न पाहता ते परत मूळ भाषेत आणायचं, मग ताडून पाहायचं. ही पायरी हवीच, पण ती पुरेशी नाही. शब्द जुळले तरी प्रश्नाचा अर्थ उत्तर देणाऱ्याच्या मनात तोच राहील याची खात्री त्यातून मिळत नाही. आठ-दहा जणांना प्रत्येक विधान वाचून ‘यात काय विचारलंय?’ हे स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. निम्म्या अडचणी तिथंच सापडतात.

दोन गोष्टी एका विधानात कोंबलेल्या आहेत का, हेही पाहा. ‘मला माझी भाषा आवडते आणि नवी भाषाही आवडते’ याला नकार दिला, तर तो कशाला? बेरींच्या चार मार्गांवर आधारलेल्या मापन्यांवर नेमकी ही टीका झाली आहे. दोन्ही बाजू स्वतंत्र विचारा आणि जोड नंतर लावा.

ओल्सन यांची कुटुंबाची मापनी वापरणाऱ्यांनी आवृत्ती तपासावी. लवचीकता आणि जवळीक मध्यम असावी, दोन्ही टोकं घातक, असा त्यांचा विचार. पण आधीच्या आवृत्त्यांत जास्त गुण म्हणजे जास्त चांगलं, असंच चित्र येत राहिलं. म्हणून चौथ्या आवृत्तीत टोकांसाठी वेगळ्या उपमापन्या घातल्या. जुनी आवृत्ती हाती घेऊन नवा सिद्धांत लिहिला की निष्कर्ष उलटे का येतात, हे कळतच नाही.

गप्प माणसाला समायोजित समजणं

तक्रार नाही म्हणजे जमलंय, असं कार्यालयांतल्या अभ्यासात फार पटकन लिहिलं जातं. डॉइस आणि लॉफक्विस्ट यांच्या मांडणीत न जमणारा माणूस दोन प्रकारे वागू शकतो: स्वतःला बदलतो किंवा कामाची जागा बदलायला पाहतो. कामाची वेळ बदलून मागणारा, चुकीच्या पद्धतीवर बोट ठेवणारा कर्मचारीही जुळवणीच करत असतो. पुलाकोस आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये कामावरच्या जुळवून घेण्याची आठ अंगं मांडली. त्यांत ताण हाताळणं आहे, तसंच प्रश्न कल्पकतेनं सोडवणं आणि नवं शिकणंही आहे. तुमच्या प्रश्नावलीत सहन करण्याचेच प्रश्न असतील, तर तुम्ही सोशिकपणा मोजताय.

आणि जे निघून गेले त्यांचं काय? सहा महिन्यांनी उरलेल्यांची सरासरी नेहमी चांगली येते, कारण ज्यांना जमलं नाही ते यादीत नसतात. पहिल्या भेटीतच, नोकरी किंवा गाव सोडलं तरी संपर्क करता येईल अशी परवानगी आणि पत्ता मागून ठेवा. गळालेल्यांचे पहिल्या फेरीचे गुण राहिलेल्यांशी ताडून तक्त्यात द्या. त्यांतल्या चार-पाच जणांशी जरी सविस्तर बोलता आलं तरी अवश्य बोला. कामाची जागा, शाळा किंवा शहर कुठं अडून बसलं होतं, हे तेच सांगू शकतात. टिकलेल्यांना ते बहुधा आठवतही नसतं.