पोकरमध्ये चिंचोके कधी लावायचे आणि कधी पॅक व्हायचं

हुरड्याचे दिवस आले की सोलापूरच्या आसपासच्या रानांत आगटी पेटते, शेंगाचटणी आणि गूळ पुढ्यात येतो. पोटं भरली की कुणीतरी पत्ते काढतंच. आमच्यात तीनपत्तीच्या जोडीला आता टेक्सस होल्डेम पोकरही रंगतो. तीनपत्तीत मुरलेला गडी इथे मात्र बहुतेकदा एकाच कारणाने रिकामा होतो. "बघूच की बे" म्हणत तो प्रत्येक डावात शेवटपर्यंत बसून राहतो.

आधी प्रत्येकाला १०० चिंचोके वाटा. शेंगदाणे घेऊ नका, तिसऱ्या डावापर्यंत भांडवल पोटात गेलेलं असतं. पैसे तर नकोतच. राज्यात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे आणि २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैशांवरचा ऑनलाइन पोकरही बंद केलाय.

नियम थोडक्यात असे. प्रत्येकाला दोन झाकली पानं. मध्ये आधी तीन उघडी (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). बोली चार वेळा लागते. वाटणाऱ्याच्या डावीकडचे दोघं पानं बघण्याआधीच १ आणि २ चिंचोके टाकतात. त्याला ब्लाइंड म्हणतात, पण तीनपत्तीतल्या ब्लाइंडशी त्याचा संबंध नाही.

आता पहिली पायरी, आणि खरं तर हीच निम्मा खेळ: पानं टाकायला, म्हणजे पॅक व्हायला शिका. हातात जोडी येण्याची शक्यता १७ डावांत एकदा, एक्क्यांची जोडी तर २२१ डावांत एकदा. म्हणजे बहुतेक हात टाकण्याच्याच लायकीचे असतात. चांगला हात आला तर नुसते २ टाकून आत येऊ नका, ६ लावा. स्वस्तात सगळे आत आले की एक्क्यांची जोडीसुद्धा मार खाते.

दुसरं, बसायची जागा बघा. ज्याची बोली शेवटी येते, त्याला बाकीच्यांनी काय केलं ते आधीच दिसतं. म्हणून सुरुवातीला बोलायचं असेल तर फक्त भक्कम हात खेळा. शेवटी असाल तर थोडा हलकाही चालेल.

तिसरी पायरी हिशेबाची. बोली नेहमी मधल्या ढिगाच्या मानाने लावा, साधारण निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत. ढिगात १२ आहेत आणि समोरच्याने ६ लावले, असं धरा. तुम्ही ६ टाकले की ढीग २४ चा होतो. म्हणजे चारातला एक डाव जिंकलात तरी बरोबरी. आता तुमच्या हातात दोन बदाम, फ्लॉपवर दोन बदाम. आणखी एक आला की पाच बदामांचा कलर (फ्लश) होतो. उरलेले बदाम ९. पुढच्याच पानावर बदाम येण्याची शक्यता १९ टक्के, दोन्ही पानं मिळून ३५. तोंडी हिशेब सोपा आहे: एका पानासाठी दुप्पट करा, दोन पानांसाठी चौपट. समोरचा टर्नला पुन्हा बोली लावणारा असेल तर १९ च धरा, आणि बरोबरीला लागणाऱ्या २५ टक्क्यांपुढे ते कमीच पडतात. मग फक्त तेव्हाच डावात राहा, जेव्हा बदाम आल्यावर तो आणखी बरेच चिंचोके देईल असं वाटतं. हाच हिशेब उलटाही वापरा. तुमचा हात पक्का आणि मध्ये दोन बदाम असतील, तर २ लावून समोरच्याला स्वस्तात पान बघू देऊ नका. ८ लावा.

राहिला ब्लफ, म्हणजे हात कच्चा असताना बोली लावून समोरच्याला पळवणं, ज्याचं सगळ्यांना भलतंच कौतुक. ढिगाच्या निम्मा ब्लफ लावलात तर तिनातल्या एका वेळी समोरचा पळाला तरी भागतं. पण तो पळणारा पाहिजे. आमचे मामा आजवर दुर्रीवरसुद्धा पॅक झालेले नाहीत. त्यांच्यासमोर ब्लफ करायचा नाही. चांगला हात येईपर्यंत हुरडा खात बसायचं आणि आला की ढिगाइतके लावायचे. मामा बघणारच.